पाच मुलगे असूनही वंश बुडाला!

लंडनच्या फ्लीट स्ट्रीट या गजबजलेल्या रस्त्यालगत, एका बोळाच्या टोकाला टेम्पल चर्च नावाचे गोल आकाराचे जुने चर्च आहे. आत शिरले की फरशीवर उताणे निजलेले दगडी योद्धे दिसतात. अंगात चिलखत, हाताशी ढाल. दुसऱ्या महायुद्धात, १९४१ साली झालेल्या बॉम्बहल्ल्यात या पुतळ्यांची बरीच मोडतोड झाली होती. पुढे डागडुजी करून ते पुन्हा जागच्या जागी ठेवण्यात आले. त्यांतला एक पुतळा पेम्ब्रोकचा अर्ल विल्यम मार्शल याचा मानला जातो. जवळचे दुसरे दोन त्याच्या मुलांचे, थोरल्या विल्यमचा आणि तिसऱ्या गिल्बर्टचा, असे सांगतात.

सन १२१९ मध्ये हा विल्यम मार्शल वारला तेव्हा इंग्लंडात त्याच्याएवढा मातब्बर सरदार शोधून सापडला नसता. वेल्समध्ये किल्ले, आयर्लंडात एक अख्खा प्रांत, नॉर्मंडीत जमीनजुमला, आणि घरात दहा लेकरे. पाच मुलगे आणि पाच मुली! अशा घराचा वंश बुडेल असे कोणी म्हटले असते तर लोकांनी त्याला वेड्यात काढले असते. पण सत्तावीस वर्षे पुरी व्हायच्या आत पाचही मुलगे गेले, आणि त्यांच्यामागे औरस मूल म्हणून एकही उरले नाही. ज्या दौलतीसाठी वंशाचे पाच दिवे तयार होते, ती सगळी लेकींच्या घरी गेली. ते कसे घडले आणि त्यातून पुढे काय काय निघाले, ही हकीकत मोठी विलक्षण आहे.

ओलीस ठेवलेला पोरगा

विल्यमचा जन्म ११४६-४७ च्या सुमाराचा. बाप जॉन हा राजाच्या पदरी 'मार्शल' होता. राजाची घोडी, पागा आणि दरबारातली शिस्त पाहणारा तो मार्शल. तेच पुढे घराण्याचे आडनाव झाले. विल्यम हा बापाचा चौथा मुलगा. त्या काळच्या इंग्रजी रिवाजाप्रमाणे जमीन थोरल्याला मिळे आणि धाकट्यांनी आपापले नशीब काढावे अशी अपेक्षा असे. चौथ्याच्या वाट्याला काय येणार?

लहानपणी तर जिवावरच बेतले होते. ११५२ साली राजा स्टीफनने न्यूबरीला वेढा घातला तेव्हा तह पाळण्याची हमी म्हणून जॉनने पाच-सहा वर्षांच्या विल्यमला ओलीस दिले, आणि मग सरळ शब्द मोडला. मुलाला फासावर देऊ, असा निरोप राजाकडून आला. त्यावर बापाने उलट कळवले की याहून चांगली पोरे घडवायला माझ्याकडे हातोडा आहे आणि ऐरणही! राजाला त्या निरागस पोराची दया आली म्हणून विल्यम वाचला. घरात मुलगे भरपूर असले की एखाद्याची किंमत किती उतरते, याचे हे उदाहरण.

मोठेपणी विल्यमने तलवारीवर पोट भरले. फ्रान्सच्या उत्तरेकडे तेव्हा सरदारांच्या युद्धस्पर्धा भरत. त्यात प्रतिस्पर्ध्याला पकडले की त्याचा घोडा आणि खंडणी जिंकणाऱ्याची. आपण ५०० सरदारांना पकडले, असे विल्यम अखेरच्या आजारात म्हणाल्याची नोंद आहे. नाव झाले, पैसा आला. पण स्वतःची म्हणावी अशी मोठी जहागिरी नव्हती. चाळिशी उलटली तरी लग्नही झाले नव्हते.

लक्ष्मी आली ती बायकोच्या पावलांनी

११८९ साली नव्याने गादीवर आलेल्या राजा रिचर्डने त्याला इझाबेल द क्लेअर देऊ केली, आणि विल्यमचे दिवस पालटले. तो त्रेचाळिशीच्या आसपास, ती सतरा-अठराची. इझाबेलचा बाप रिचर्ड द क्लेअर, 'स्ट्राँगबो' या टोपणनावाने ओळखला जाणारा सरदार. आई ईफा ही आयर्लंडातल्या लेन्स्टरचा राजा डर्मट मॅकमरो याची मुलगी. ११७० मध्ये हे लग्न झाले आणि त्यातूनच स्ट्राँगबोच्या हाती लेन्स्टर आले. त्याचा एकुलता मुलगा लहानपणीच वारल्याने सगळी दौलत इझाबेलवर आली. बापाविना राहिलेली वारस मुलगी ही त्या काळी राजाच्या ताब्यात असे आणि तिचे लग्न कोणाशी लावायचे हे राजा ठरवी. मर्जीतल्या माणसाला बक्षीस द्यायचे तर अशा मुलीचा हात, ही राजांची नेहमीची रीत होती.

इझाबेलबरोबर वेल्सच्या सीमेवरचा चेपस्टोचा किल्ला आला, लेन्स्टर आले, नॉर्मंडीतल्या लाँगव्हिलचा अर्धा वाटा आला. ११९४ मध्ये थोरला भाऊ जॉन वारला आणि घराण्याचे मार्शलपदही विल्यमकडे आले. ११९९ साली राजा जॉनने त्याला पेम्ब्रोकचा अर्ल केले. ती पदवीही सासऱ्याच्याच घराण्यातली.

विल्यम ही गोष्ट विसरला नव्हता. १२०७ साली राजाच्या बोलावण्यावरून त्याला आयर्लंड सोडून इंग्लंडला जावे लागले. इझाबेल तेव्हा गरोदर होती. आयर्लंडातल्या आपल्या सरदारांना जमवून त्याने तिला पुढे उभे केले. ही तुमच्या धन्याची मुलगी, माझ्याजवळ जे आहे ते हिच्यामुळेच आहे, हिला सांभाळा, अशा अर्थाचे तो बोलला. पाठीमागे बंडाळी झाली तेव्हा इझाबेलने ती निभावून नेली.

मृत्युशय्येवरची वाटणी

१२१६ मध्ये राजा जॉन वारला. गादीवर नऊ वर्षांचा हेन्री तिसरा, अर्धे राज्य बंडखोरांच्या आणि फ्रेंच राजपुत्राच्या हाती. अशा वेळी राज्याचा कारभारी म्हणून विल्यमची निवड झाली. १२१७ साली लिंकनच्या लढाईत हा सत्तरीचा म्हातारा स्वतः घोड्यावर बसून लढला आणि जिंकला. त्यानंतर दोनच वर्षांनी त्याने अंथरूण धरले. थेम्सकाठच्या कॅव्हरशॅम येथे आपल्या वाड्यात त्याने दौलतीची निरवानिरव केली.

थोरला विल्यम पदवीचा आणि बहुतेक जमिनीचा वारस. दुसऱ्या रिचर्डला नॉर्मंडीतली जमीन. चौथ्या वॉल्टरला गुडरिचचा किल्ला. तिसरा गिल्बर्ट धर्मकार्यासाठी चर्चमध्ये जायचा होता, त्याला जमिनीचे कारण नव्हते. राहिला धाकटा अॅन्सेल्म. त्याला काहीच द्यायचे नाही असे म्हातारा म्हणाला. मी जसा हात हलवत निघालो तसा तोही निघेल आणि आपले नशीब काढील! पण जुना विश्वासू सोबती जॉन ऑफ अर्ली याने रदबदली केली, तेव्हा कुठे आयर्लंडातली वर्षाला १४० पौंड उत्पन्नाची जमीन धाकट्याच्या नावे झाली.

आणि मुली? चौघींची लग्ने झाली होती. धाकटी जोन तेवढी उजवायची राहिली होती. तिच्यासाठी बापाने वर्षाला ३० पौंडांची जमीन आणि २०० मार्क रोख ठेवले. मार्क म्हणजे पौंडाचा दोन तृतीयांश. सर्वांत धाकट्या मुलाला १४०, मुलीला ३०, असा हिशेब झाला.

याच आजारपणातला एक प्रसंग नोंदलेला आहे. एके दिवशी विल्यमला गाणे म्हणण्याची फार इच्छा झाली. पण त्या अवस्थेत गावे कसे? तेव्हा मुलींना बोलावण्यात आले. थोरली मॉड आधी गायली. मग जोन लाजत लाजत गाऊ लागली, तेव्हा बापाने अंथरुणावरूनच तिला शब्द कसे म्हणायचे ते शिकवले. १४ मे १२१९ रोजी त्याने प्राण सोडला. पुढच्याच वर्षी इझाबेलही गेली. तिला वेल्समधल्या टिंटर्नच्या मठात मूठमाती मिळाली.

एकामागून एक

थोरला विल्यम बापासारखाच कर्तबगार निघाला. राजाने १२२४ साली आपली सख्खी बहीण एलेनॉर त्याला दिली. तिचे वय तेव्हा नऊ वर्षांचे. १२३१ च्या एप्रिलमध्ये विल्यम अचानक वारला. सोळा वर्षांची विधवा मागे राहिली, मूल नाही.

दुसरा रिचर्ड अर्ल झाला. राजाचे परदेशी सल्लागार त्याला सलत होते. भांडण विकोपाला गेले, उघड युद्ध पेटले, आणि १ एप्रिल १२३४ रोजी आयर्लंडात किल्डेअरच्या माळावर तो जबर जखमी झाला. दोन आठवड्यांत त्याने डोळे मिटले. मूल नाही.

तिसरा गिल्बर्ट धर्मकार्य सोडून अर्ल झाला. त्याने स्कॉटलंडच्या राजाची बहीण केली. धर्मकार्यात वाढलेला म्हणून आपल्याला कोणी कमी लेखू नये, अशी त्याला ईर्षा असावी. २७ जून १२४१ रोजी हर्टफर्डजवळच्या युद्धस्पर्धेत तो बेफाम घोड्यावर बसला. लगाम तुटला, गिल्बर्ट कोसळला आणि रिकिबीत पाय अडकून फरफटत गेला. ज्या खेळावर बापाने नाव कमावले त्याच खेळाने मुलाचा जीव घेतला. औरस मूल नाही.

चौथ्या वॉल्टरला राजाने बराच काळ ताटकळत ठेवून मग पदवी दिली. २४ नोव्हेंबर १२४५ रोजी गुडरिचला तो वारला. महिना उलटतो न उलटतो तोच पाचवा अॅन्सेल्मही गेला. राजाकडून पदवी रीतसर हाती पडण्याआधीच. दोघांनाही आईजवळ टिंटर्नला ठेवण्यात आले. मुले दोघांनाही नव्हती.

शाप की योगायोग?

असे काही घडले की लोक कारण शोधतात, आणि ते बहुधा कोणाच्या तरी तळतळाटात सापडते. त्या काळचा इतिहास लिहिणारा मॅथ्यू पॅरिस हा धर्मसाधू एक कथा सांगतो. म्हाताऱ्या विल्यमने आयर्लंडातल्या फर्न्सच्या बिशपची दोन गावे बळकावली होती. तो वारल्यावर बिशप लंडनला आला आणि थडग्यापाशी उभा राहून म्हणाला, गावे परत करा, मी याला मुक्ती देतो. मुलांनी नकार दिला. तेव्हा त्याने शाप दिला की या घराचे नाव एका पिढीत पुसले जाईल, मुलांना संतती होणार नाही.

कथा ऐकायला झकास आहे. मात्र ती लिहिली गेली सगळे घडून गेल्यावर, हे ध्यानात ठेवले पाहिजे. थोरल्याची बायको लग्नात नऊ वर्षांची होती. संसार असा झालाच किती? हीच एलेनॉर पुढे सायमन द माँटफोर्टची बायको झाली आणि तिला चांगली चारसहा मुले झाली. एक भाऊ लढाईत गेला, एक घोड्यावरून पडून. शिवाय शाप म्हणावा तर तो पाच भावांनाच कसा बाधला? बहिणी त्याच आईबापांच्या होत्या. थोरल्या मॉडला मुलगे होते, ईव्हला एकापाठोपाठ मुली होत्या आणि सिबिलला तर सात मुली होत्या!

आपल्याकडची एखादी जहागिरी असती तर दत्तक घेऊन नाव राखले असते. इंग्रजी कायद्यात ती सोयच नव्हती. इंग्लंडात दत्तकाला कायद्याची मान्यता मिळाली ती थेट १९२६ साली.

पाच वाटे

इंग्रजी रिवाजाची गंमत इथे आहे. मुलगा असेल तर थोरला सगळे घेई. पण मुलगा नसला की मुलींत थोरली-धाकटी हा भेद जमिनीपुरता नसे. सर्वांचा वाटा सारखा. एखादी मुलगी आधी वारली असेल तर तिचा वाटा तिच्या मुलांना मिळे. १२४७ मध्ये वाटण्या झाल्या तेव्हा पाच बहिणींपैकी एकटी मॉड हयात होती.

लेन्स्टरचे सरळ पाच तुकडे झाले. मॉडला कार्लो, इझाबेलच्या मुलाला किलकेनी, सिबिलच्या मुलींना किल्डेअर, ईव्हच्या मुलींना डनमेस, जोनच्या मुलीला वेक्सफर्ड. सिबिलच्या पाचव्या हिश्श्याचे पुन्हा सात भाग, म्हणजे एकेकीच्या हाती मूळ दौलतीचा पस्तिसावा हिस्सा! वेल्समधला चेपस्टोचा किल्ला आणि मार्शलपद मॉडला गेले. पेम्ब्रोक आणि गुडरिच जोनच्या मुलीकडे. मरता मरता जिच्या नावे बापाने ३० पौंडांची जमीन लिहिली होती, तिच्याच लेकीच्या घरात अखेर घराण्याची मूळ अर्लकी जाऊन बसली.

यात आणखी एक गुंता होता. विधवेला नवऱ्याच्या जमिनीतला तिसरा हिस्सा तहहयात मिळे. इथे तर पाच भावांच्या पाच विधवा! थोरल्याची विधवा एलेनॉर हिला आयर्लंड आणि वेल्समधल्या हक्काच्या बदली वर्षाला ४०० पौंड ठरवून देण्यात आले होते. ही रक्कम फारच कमी आहे, ही तिची आणि सायमनची तक्रार वर्षानुवर्षे धुमसत राहिली. १२५९ साली फ्रान्सशी तह करताना एलेनॉरने वडिलोपार्जित हक्क सोडल्याची सही हवी होती. आधी माझा विधवेचा हक्क द्या, मग सही, असे म्हणून तिने तो तहच लांबवला. सायमन पुढे राजाविरुद्ध बंडाचा नेता झाला, त्यामागच्या अनेक कारणांत हे घरगुती भांडणही होते. इस्टेटीचे तंटे राजवाड्यातही तसेच असतात.

आयर्लंडात मात्र या वाटण्यांचा परिणाम वाईट झाला. एका धन्याच्या हाताखाली असलेला प्रांत अनेक धन्यांचा झाला, आणि त्यांतले बरेचसे इंग्लंडातच राहणारे. लक्ष घालणारे कोणी नाही म्हटल्यावर इंग्रजांची तिथली पकड सैल होत गेली. समान वाटणी न्यायाची खरी, पण शेताचे असो की प्रांताचे, तुकडे पडले की सांभाळणारा हात दुबळा होतो. थोरल्यालाच सगळे देण्याच्या रिवाजामागे हेच गणित होते. त्या गणिताची किंमत धाकटे भाऊ आणि बहिणी मोजत असत, एवढेच.

राहिले काय?

म्हाताऱ्या विल्यमच्या आयुष्याची इतकी बारीक माहिती आपल्याला मिळते, त्याचे श्रेय थोरल्या मुलाला आहे. बापाचे चरित्र त्याने जुन्या फ्रेंच भाषेत पद्यात लिहवून घेतले. साधारण १२२६ साली ते पुरे झाले. ओळी एकोणीस हजारांहून अधिक. पुढे ते इतके विस्मरणात गेले की पॉल मेयर या फ्रेंच विद्वानाला १८६१ मध्ये लंडनच्या लिलावात त्याची एकुलती हस्तलिखित प्रत ओझरती दिसली आणि पुन्हा सापडेपर्यंत वीस वर्षे गेली. मुलींचे गाणे, धाकट्यासाठीची रदबदली, हे सारे त्यातूनच कळले. ज्या मुलाला मूल झाले नाही त्याने बापाचे नाव असे राखले.

आणि रक्त राखले मुलींनी. इझाबेलची मुलगी स्कॉटलंडच्या ब्रूस घराण्यात दिली होती. तिचा नातू रॉबर्ट ब्रूस स्कॉटलंडचा राजा झाला. ईव्हचा नवरा विल्यम द ब्रेओझ याला वेल्सच्या राजाने १२३० मध्ये फासावर दिले होते. पदरी मुली घेऊन ती मागे राहिली. त्यांतली एक मॉर्टिमर घराण्यात गेली, आणि त्या वंशात पुढे इंग्लंडचा राजा एडवर्ड चौथा जन्मला. या दोन्ही धारा पुढे एकत्र आल्या. आजचा राजा चार्ल्स तिसरा हा विल्यम मार्शलचा वंशज आहे, तो लेकींच्या बाजूने.

मार्शलपद मॉडकडून तिच्या मुलाकडे, नॉरफोकच्या अर्लकडे गेले. पुढे ते राजाच्या हाती परतले, दुसऱ्या घराण्यांत फिरले आणि १६७२ पासून हॉवर्ड घराण्यात, म्हणजे नॉरफोकच्या ड्यूकांकडे वंशपरंपरेने राहिले. ६ मे २०२३ रोजी वेस्टमिन्स्टर अॅबेत चार्ल्सचा राज्याभिषेक झाला तेव्हा त्या सोहळ्याची व्यवस्था नॉरफोकच्या ड्यूकने पाहिली ती याच पदाच्या अधिकाराने. मार्शलपद नॉरफोककडे पहिल्यांदा गेले ते मॉडमुळे. कॅव्हरशॅमच्या वाड्यात बापाच्या उशाशी बसून आधी गाणे म्हणणारी ती हीच.

म्हाताऱ्याने मृत्युशय्येवर हिशेब मांडला तो मुलग्यांचा. पण त्याची दौलत आली होती ईफाकडून इझाबेलला आणि इझाबेलकडून त्याला. आणि गेली तीही मॉड, इझाबेल, सिबिल, ईव्ह आणि जोन यांच्याच घरी. मुलगा म्हणजे वंशाचा दिवा, असे म्हणताना दिव्यातले तेल कुठून येते हे विचारायचे राहून जाते.